जळालेली भूमी की जाळलेली?

नाझी प्रचारयंत्रणा म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एकच नाव उभे राहते, योझेफ गोबेल्सचे. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या ग्रंथाने ज्या पिढ्यांना तो काळ घरबसल्या दाखवला, त्यांच्या मनात हा लंगडा, कृश, वाक्पटू मंत्री खलनायकाच्या पूर्ण वेशात वावरतो. १ मे १९४५ रोजी त्याने बर्लिनमध्ये पत्नीसह जीवन संपवले. त्याआधी सहा मुलांना विष देण्यात आले होते. नाट्य इतके भीषण आणि शेवट इतका काळाकुट्ट, की प्रचाराची कथाही तिथेच संपली असे वाटून आपण पुस्तक मिटतो.

परंतु यंत्रणा एका माणसाची नसते. टिपणे लिहिणारे, सूचना काढणारे, वार्ताहरांना चहापानाला बोलावणारे आणि कोणत्या बातमीला कोणता शब्द वापरायचा हे ठरवणारे शेकडो सुशिक्षित अधिकारी ती चालवत होते. ८ मे १९४५ नंतर त्यांतले बहुतेक जण जिवंत होते, तिशी-चाळिशीत होते, आणि त्यांना एकच कला अवगत होती. तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न भाषेच्या अध्यापकांनी विचारण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते. त्यासाठी आम्ही एकच माणूस निवडला आहे: पाउल कार्ल श्मिट.

हे नाव वाचकांनी ऐकलेले नसणे स्वाभाविक आहे. त्यात आणखी एक घोटाळा संभवतो. त्याच काळी त्याच परराष्ट्र खात्यात पाउल श्मिट नावाचा दुसरा एक गृहस्थ होता. हिटलरच्या भेटीगाठींत दुभाष्याचे काम करणारा, ज्याच्या आठवणी पुढे पुष्कळ वाचल्या गेल्या. आमचा श्मिट तो नव्हे. हा वृत्तविभागाचा श्मिट.

त्याचा जन्म २ नोव्हेंबर १९११ चा, केल्ब्रा या छोट्या गावातला. १९३१ साली, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या दोन वर्षे आधी, विशीही न उलटलेला हा तरुण नाझी पक्षाचा सभासद झाला. ही तारीख ध्यानात ठेवावी. सत्ता आल्यावर नोकरीसाठी पक्षात शिरलेल्यांची गोष्ट वेगळी. हा आधीच शिरलेला होता. कील विद्यापीठात त्याने मानसशास्त्राचा अभ्यास केला आणि डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता इंडो-जर्मानिक भाषांमधील अर्थनिर्मिती! शब्दाला अर्थ कसा चिकटतो, तो कसा बदलतो, या प्रश्नावर विद्यापीठीय शिस्तीने विचार केलेला माणूस पुढे शब्दांचा कोणता व्यवहार करतो, हे पाहताना हा विषय विसरता येत नाही. निदान आम्हां भाषाविषयक मंडळींना तरी येत नाही.

१९३८ साली तो एसएसमध्ये गेला आणि रिबेनट्रॉपच्या मागोमाग परराष्ट्र खात्यात आला. थोड्याच काळात तो त्या खात्याच्या वृत्त व माहिती विभागाचा प्रमुख झाला, आणि १९४० साली, तिशी गाठण्यापूर्वीच, त्याला राजदूताच्या तोडीचा दर्जा मिळाला. एसएसमधील त्याचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचा होता. इतकी झटपट बढती मिळण्याचे एक कारण म्हणजे मंत्र्यामंत्र्यांतील भाऊबंदकी. परदेशासाठी करावयाच्या प्रचारावर हक्क कोणाचा, यावरून गोबेल्स आणि रिबेनट्रॉप यांच्यात हाडवैर होते. ८ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने या बाबतीत रिबेनट्रॉपच्या बाजूने आदेश काढला, तरी भांडण मिटले नाही. शासकीय वृत्तप्रमुख ओट्टो डीट्रिश हा तिसरा हिस्सेदार होताच. परिणामी बर्लिनमधल्या परदेशी वार्ताहरांना दोन मंत्रालयांच्या दोन पत्रकार परिषदा आणि दोन वेगवेगळे क्लब असे दुहेरी आदरातिथ्य लाभले. एकाधिकारशाहीत सारे एकमुखी असते ही समजूत किती भाबडी आहे, हे दाखवायला एवढा तपशील पुरे.

परराष्ट्र खात्याच्या परिषदा श्मिट घेत असे. २२ जून १९४१ च्या पहाटे, तीस लाखांहून अधिक सैन्य सोव्हिएत सीमेवर घुसल्यानंतर, रिबेनट्रॉपने वार्ताहरांना खात्यात बोलावून निवेदन वाचले. त्याचा आशय असा, की रशियाच हल्ल्याच्या तयारीत होता. जर्मनीने केवळ त्याआधी पाऊल उचलले. पुढच्या काही दिवसांत या युद्धाला 'बोल्शेव्हिझमविरुद्ध युरोपचे धर्मयुद्ध' असे नाव देण्यात आले. या दोन कल्पना, प्रतिबंधक हल्ला आणि युरोपचे रक्षण, म्हणजे श्मिटच्या विभागाचा पूर्वेकडील युद्धातला मुख्य माल. 'सिग्नाल' हे झुळझुळीत सचित्र पाक्षिक वीसहून अधिक भाषांत निघत असे. १९४३ च्या सुमारास त्याचा खप पंचवीस लाखांच्या घरात गेला होता. त्याच्या धोरणावरही परराष्ट्र खात्याच्या वृत्तविभागाचा प्रभाव होता. त्यात गोबेल्सचा आक्रस्ताळेपणा नव्हता. होते ते रंगीत छायाचित्रे, नाटक-सिनेमाच्या गोष्टी, हसरे सैनिक आणि उद्याचा एकत्र युरोप.

इथपर्यंत वाचून एखादा म्हणेल, की खोटे बोलणे हा युद्धकाळात सर्वच सरकारांचा उद्योग असतो. म्हणूनच मे १९४४ कडे वळले पाहिजे.

त्या वर्षी १९ मार्चला जर्मन सैन्याने हंगेरी व्यापली. १५ मे पासून तिथल्या ज्यूंना गाड्यांत कोंबून नेणे सुरू झाले. ९ जुलैपर्यंत सुमारे ४ लाख ३७ हजार माणसे नेण्यात आली, बहुतेक सर्व आउश्वित्झला. आधी प्रांतांची पाळी होती, राजधानी बुडापेस्ट शेवटी राखून ठेवली होती. २७ मे रोजी श्मिटने आपल्या खात्याचे सचिव स्टेनग्राख्ट यांना एक टिपण पाठवले. त्याचा मथितार्थ असा: बुडापेस्टच्या ज्यूंविरुद्ध योजलेली कारवाई मोठी असल्यामुळे परदेशांत तिचा गाजावाजा होईल, शत्रू 'माणसांची शिकार' म्हणून ओरड करील, तेव्हा आधीच काही बाह्य निमित्ते आणि कारणे तयार करता येणार नाहीत काय? उदाहरणार्थ, ज्यूंच्या मंडळांत व प्रार्थनास्थळांत स्फोटके सापडणे, घातपाताचे कट, उठावाचे बेत, पोलिसांवरील हल्ले, चलनाची मोठी तस्करी.

हे टिपण पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. त्यात द्वेषाचा एक शब्द नाही, शिवी नाही, वंशशास्त्र नाही. कार्यालयीन भाषेतली एक व्यावहारिक सूचना आहे, आणि तीही प्रश्नार्थक. सुमारे दोन लाख माणसांना नेण्याची योजना हे गृहीत आहे; अडचण आहे ती बातमीची. आधी कृती मग बातमी, हा क्रम उलटा करून आधी बातमी लिहावी आणि तिला साजेशी घटना मागाहून मांडावी, असे हा अर्थनिर्मितीचा अभ्यासक सुचवतो आहे. हंगेरीचा राज्यपाल होर्टी याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात या गाड्या थांबवल्या, म्हणून बुडापेस्टचे बहुसंख्य ज्यू त्या वेळेपुरते वाचले. श्मिटच्या टिपणामुळे नव्हे.

याच खात्यातल्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याची इथे आठवण होते, आणि तिचा संबंध आपल्या इतिहासाशी आहे. १९४१ च्या एप्रिलमध्ये सुभाषचंद्र बोस 'ओर्लांडो मात्सोटा' या नावाने बर्लिनला पोहोचले, तेव्हा परराष्ट्र खात्याने भारतासाठी जो खास विभाग उघडला, त्याचा प्रमुख आडाम फॉन ट्रॉट होता. श्मिटहून दोन वर्षांनी मोठा. तोही उच्चशिक्षित, तोही त्याच खात्याचा नोकर. ट्रॉट हिटलरविरोधी कटात सामील होता. २० जुलै १९४४ चा बाँब फसल्यावर त्याला पकडले आणि २६ ऑगस्टला फाशी दिले. बुडापेस्टचे टिपण आणि ही फाशी यांत तीन महिन्यांचे अंतर आहे. खात्यात राहून दुसरे काही करणे अशक्यच होते, असे पुढे अनेकांनी सांगितले. ट्रॉट तसे सांगायला उरला नाही.

युद्ध संपताच श्मिटला अटक झाली. सुमारे अडीच वर्षे तो स्थानबद्ध होता. न्युरेंबर्गला १९४८-४९ साली परराष्ट्र आणि इतर खात्यांच्या वरिष्ठांवर जो खटला चालला, त्यात स्टेनग्राख्ट आरोपी होता, डीट्रिश आरोपी होता. श्मिट आरोपी होणार की साक्षीदार, हे बराच काळ अधांतरी होते. शेवटी तो साक्षीदार म्हणून उभा राहिला, आणि तोही फिर्यादी पक्षाचा! वृत्तस्वातंत्र्यासाठी आपण आतून कसे झगडलो हे त्याने ऐकवले. डीट्रिशला सात वर्षांची शिक्षा झाली. १९५० साली तो सुटला, १९५२ साली वारला. रेडिओवरचा प्रसिद्ध निवेदक आणि गोबेल्सच्या खात्यातील रेडिओ विभागाचा प्रमुख हान्स फ्रित्शे १९४६ च्या मुख्य खटल्यात निर्दोष सुटला, पण १९४७ साली जर्मन न्यायमंडळाने त्याला नऊ वर्षांची शिक्षा दिली. तोही १९५० मध्ये सुटला आणि १९५३ मध्ये वारला. या दोघांच्या चरित्राला युद्धोत्तर असे फारसे पानच नाही. श्मिटच्या चरित्राचा मोठा भाग मात्र इथून सुरू होतो.

त्याने नाव बदलले. म्हणजे कायद्याने नव्हे, लेखणीपुरते. 'पाउल कारेल' या टोपणनावाने तो लिहू लागला. इतरही टोपणनावे होती. 'डेर श्पीगेल'सारख्या साप्ताहिकात आणि अक्सेल श्प्रिंगरच्या वृत्तसमूहातल्या 'क्रिस्टाल' या सचित्र नियतकालिकात त्याचे लेखन येई. 'क्रिस्टाल'मधील युद्धकथांच्या मालिकांतून पुस्तके तयार झाली: १९५८ साली रोमेलच्या आफ्रिकेतील मोहिमेवर 'वाळवंटातील कोल्हे', १९६० साली नॉर्मंडीवर 'ते येत आहेत!', १९६३ साली रशियावर 'बार्बारोसा मोहीम', आणि १९६६ साली तिचा उत्तरार्ध, ज्याचे नाव आम्ही मुद्दाम क्षणभर बाजूला ठेवतो. पूर्वेकडील युद्धाचा सर्वांत लोकप्रिय जर्मन कथाकार म्हणून पाउल कारेल घरोघर पोहोचला. पुस्तकांची भाषांतरे झाली. इंग्रजी भाषांतरकार एवाल्ड ओसर्स हे प्रागच्या ज्यू कुटुंबातले, १९३८ साली इंग्लंडला आलेले आणि बीबीसीच्या परदेशी नभोवाणी ऐकण्याच्या विभागात नोकरीस असलेले. ज्या यंत्रणेच्या ध्वनिलहरी टिपून घेण्याचे काम त्या विभागाने युद्धभर केले, त्याच यंत्रणेतील एका अधिकाऱ्याचा ग्रंथ पुढे त्यांच्या हातून इंग्रजीत गेला. इतिहासाला असले योग जुळवण्याची हौस असते. असो.

लेखक म्हणून कारेल वाईट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे; नाहीतर मुद्दाच हुकेल. त्याने सैनिकांची पत्रे, रोजनिश्या, आठवणी मोठ्या प्रमाणावर गोळा केल्या. 'बार्बारोसा'ची सुरुवात सेनापतींच्या नकाशावरून होत नाही. सीमेवरच्या जंगलात रणगाड्यांजवळ दबा धरून बसलेल्या सैनिकांपासून होते. नावागावासकट सैनिक, त्यांची भूक, चिखल, थंडी, विनोद. वाचक त्यांच्या खंदकात उतरतो आणि शेवटपर्यंत तिथेच राहतो. हीच त्या पुस्तकाची ताकद, आणि हीच त्याची लबाडी. कारण खंदकातून जे दिसत नाही, ते पुस्तकात नाही.

काय दिसत नाही? कीवच्या वेढ्यात साडेसहा लाखांहून अधिक सोव्हिएत सैनिक कैद झाल्याचा जर्मन दावा होता. युद्धकलेच्या ग्रंथांत त्याचे गोडवे गायिले जातात. त्या कैद्यांचे पुढे काय झाले? युद्धभरात पकडलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत कैद्यांपैकी जवळजवळ ३३ लाख मेले. उपासमारीने, थंडीने, गोळीने. कीव पडल्यावर दहा दिवसांनी, २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ रोजी, शहराच्या कडेला बाबी यार या घळीत ३३,७७१ ज्यू स्त्रीपुरुष-मुलांना गोळ्या घालण्यात आल्या. आकडा मारणाऱ्यांच्याच अहवालातला आहे. त्या प्रदेशात असलेल्या सहाव्या सैन्याचा प्रमुख राइशेनाउ याने १० ऑक्टोबरला काढलेल्या हुकुमात, ज्यूंना होणाऱ्या कठोर शासनाची आवश्यकता सैनिकांनी समजून घ्यावी असे बजावले होते. हेच सहावे सैन्य पुढे स्टालिनग्राडला अडकले, आणि कारेलने १९९२ साली त्या सैन्याच्या विजयाची आणि विनाशाची कथा स्वतंत्र पुस्तकात सांगितली. वाचकाने हळहळावे अशी ती शोकांतिका आहे. पण शोकांतिकेच्या नायकाचा पूर्वार्ध कापून टाकला, तर उरते ते काय? आमच्या मते फक्त करुण रस उरतो. शोकांतिका उरत नाही.

हे एकट्याचे कर्तृत्व नव्हते, हेही सांगितले पाहिजे. मानश्टाइनच्या 'हातचे गेलेले विजय' या अर्थाच्या आठवणी १९५५ साली आल्या. माजी सेनाप्रमुख हाल्डरच्या देखरेखीखाली जर्मन सेनापतींनी अमेरिकन सैन्यासाठी शेकडो टिपणे लिहिली. शीतयुद्धात रशियाशी लढलेल्यांचा अनुभव अमेरिकेला हवा होता. या सर्वांचा सूर एकच: चुका हिटलरच्या, गुन्हे एसएसचे, शौर्य सैन्याचे. नव्या पश्चिम जर्मन सैन्याला, लाखो माजी सैनिकांच्या घरांना आणि त्यांच्या मुलांना हे ऐकायचेच होते. मागणी तयार होती. श्मिटला तिचा पुरवठा कसा करायचा हे ठाऊक होते. त्याला नवे काही शिकावे लागले नाही. युरोपचे रक्षण, बोल्शेव्हिक लाट, नाइलाजाने लढणारा सभ्य जर्मन सैनिक हा 'सिग्नाल'चाच ऐवज होता. पूर्वी मथळ्यांत असलेले स्वस्तिक आता काढले होते, इतकेच.

त्याच्या ग्रंथनामांकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे. 'कोल्हे' म्हणजे चतुर, चपळ प्राणी. प्राण्याला राजकारण नसते. 'ते येत आहेत!' यात 'ते' म्हणजे युरोप मुक्त करायला येणारे, आणि न उच्चारलेले 'आपण' म्हणजे व्याप्त फ्रान्सच्या किनाऱ्यावर बसलेले जर्मन. सर्वनामाने वाचकाची जागा ठरवली. 'बार्बारोसा'चे उपशीर्षक 'रशियाकडे कूच' असे आहे. आक्रमण नव्हे, कूच. आणि १९६६ चा तो उत्तरार्ध: मूळ नाव 'फेरब्रांटे एर्डे'. याचे मराठी करायला बसल्यावर आम्ही अडलो. जर्मन क्रियापद तिथे दोन्ही अर्थांनी चालते: आपोआप जळणे आणि कोणीतरी जाळणे. त्या भूतकाळी विशेषणावरून कोणता अर्थ घ्यायचा ते कळत नाही. मराठी ही सवलत देत नाही. मराठीत 'जळालेली भूमी' म्हणावे लागते किंवा 'जाळलेली भूमी'. एका काान्याची जागा बदलते आणि कर्ता हजर होतो. मेले की मारले, पडले की पाडले, तुटले की तोडले, याबाबत आपली भाषा बोलणाऱ्याला दर वाक्यागणिक निवड करायला लावते. त्या पुस्तकाचा काळ कुर्स्कपासून १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंतचा. माघार घेताना गावे, गुरेढोरे, धान्य, विहिरी, कारखाने काहीही मागे ठेवायचे नाही, कामाला येतील ती माणसे हाकत न्यायची, हे जर्मन सैन्याचे त्या काळातील ठरवून राबवलेले धोरण होते. १९४९ साली हाम्बुर्गच्या ब्रिटिश न्यायालयाने मानश्टाइनला ज्या आरोपांवरून दोषी ठरवले, त्यांत हाही एक होता. भूमी जळाली नव्हती. जाळली होती.

१९६५ साली फेर्डेन येथील सरकारी अभियोक्त्यांनी बुडापेस्टच्या टिपणावरून श्मिटविरुद्ध खुनाच्या आरोपाची चौकशी सुरू केली. ती १९७१ पर्यंत चालली आणि आरोपपत्र न ठेवताच बंद झाली. या सहा वर्षांच्या मध्यावर त्याची पुस्तके नव्या आवृत्त्यांत निघत होती. तो अक्सेल श्प्रिंगरचा विश्वासू सल्लागार राहिला, १९८५ साली श्प्रिंगर वारेपर्यंत. पहिल्या मालकाची बातमी कशी द्यावी हे ज्याने सांगितले, त्याने दुसऱ्या मालकालाही सांगितले.

मार्च १९९५ मध्ये हाम्बुर्गला एक प्रदर्शन उघडले. हाम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने भरवलेल्या या प्रदर्शनात पूर्वेकडील जर्मन सैन्याच्या गुन्ह्यांचे पुरावे मांडले होते; त्यांत सैनिकांनी स्वतः काढलेली छायाचित्रेही होती. फासावर लटकणारी माणसे आणि शेजारी उभे राहिलेले गणवेशातले तरुण. गावोगाव वाद पेटले, निदर्शने झाली. काही छायाचित्रांच्या ओळी चुकल्याचे उघड झाल्यावर १९९९ मध्ये प्रदर्शन मागे घेतले गेले आणि २००१ मध्ये सुधारून पुन्हा उघडले. मुख्य निष्कर्ष तसाच राहिला. कारेलच्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांना आजोबांच्या अल्बममधून काढून टाकलेली पाने भिंतीवर पाहायला मिळाली. खंदकाबाहेरचे सारे तिथे होते.

श्मिट तेव्हा ८३ वर्षांचा होता. २० जून १९९७ रोजी बव्हेरियातील रोटाख-एगर्न या तळ्याकाठच्या निसर्गरम्य गावी त्याचे निधन झाले. आठ वर्षांनी, २००५ साली, विग्बर्ट बेंझ यांनी त्याच्यावर अभ्यासपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात आधी 'पाउल कारेल' आहे, आणि लगेच पुढे 'रिबेनट्रॉपचा वृत्तप्रमुख पाउल कार्ल श्मिट, १९४५ पूर्वी आणि नंतर'.